बघण्याचा परवाना

कॅमेरा कशासाठी घेतला, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: आठवणी जपायला. मला हे उत्तर कधीच पटलेलं नाही. आठवणी जपायला खिशातला फोन पुरतो. लाखभराची बॉडी, तिच्याहून महाग लेन्स आणि खांदा निखळेल अशी बॅग, एवढा खटाटोप कोणी मुलीच्या वाढदिवसासाठी करत नाही. शिवाय फोटो काढला म्हणून आठवण पक्की होते, असंही नाही. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या, काहींचे फोटो काढायचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात फोटो काढलेल्या वस्तू कमी लक्षात राहिलेल्या दिसल्या. गंमत पुढेच आहे. वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला, तर स्मरणात घट झाली नाही.

मग माणसं या छंदाला लागतात ती कशासाठी? माझं मत असं की त्यांना बघण्याचा परवाना हवा असतो. पन्नाशीचा गृहस्थ भल्या सकाळी मंडईत हात मागे बांधून नुसता बघत उभा राहिला, तर पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारणारच, "काय काका, काय पाहिजे?" बाई असली तर पाच मिनिटंही मिळायची नाहीत. गळ्यात कॅमेरा असला की तोच गृहस्थ तासभर उभा राहू शकतो; उलट हमालच पाटी सावरत म्हणतो, "आमचा बी काढा की एक." बँकेतून निवृत्त झालेले, हिंजवडीत दिवसभर स्क्रीनसमोर बसणारे, मुलं परदेशी गेल्यावर घरात एकटे पडलेले असे कितीतरी जण या वाटेला येतात ते याच सवलतीपायी. अनोळखी माणसाशी बोलायला निमित्त मिळतं आणि पहाटे घराबाहेर पडायलाही. फोटो बरे आले तर तो वरचा नफा.

या परवान्याची किंमत वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना नेमकी कळली होती. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पारशी बाईंचे सुरुवातीचे फोटो 'बॉम्बे क्रॉनिकल'ने फोटोमागे एक रुपया देऊन छापले होते. पुढे दिल्लीत साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन त्या फिरत, तेव्हा लोकांना वाटे, ही बाई उगाच मिरवतेय. कोणी गंभीरपणे घेत नसे, म्हणून कोणी अडवतही नसे, असं त्या पुढे मुलाखतीत सांगत. फाळणीला मान्यता देणारी काँग्रेसची बैठक, स्वातंत्र्याचा सोहळा, नेहरूंचे निवांत क्षण हे सगळं त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. आणि १९७० साली त्यांनी हे काम कायमचं थांबवलं. नव्या छायाचित्रकारांचं बेशिस्त, आगाऊ वागणं त्यांना सहन होईना, हे त्यांनीच सांगितलेलं एक कारण. पुढची चाळीस वर्षं त्या जगल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं. पण त्या कामाकडे त्या परतल्या नाहीत.

पैशासाठी या वाटेला येणाऱ्यांबद्दल दोनच वाक्यं. लग्नाचं काम मिळतं, ते कष्टाचं आहे आणि हंगामी आहे. छंद म्हणून सुरू केलेलं काम दर शनिवारी कोणाच्या तरी काकूंच्या सोयीनं करायची तयारी असेल, तरच त्यात पडावं.

नावासाठी येणारे मात्र संख्येनं मोठे आणि लवकर गळणारे. लाइक घटले की कॅमेरा माळ्यावर जातो. त्यांनी शिकागोच्या व्हिव्हियन मायरकडे बघावं. दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी ही बाई त्या मुलांना फिरवता फिरवता रस्त्यावरचे फोटो काढत राहिली. लाखाच्या वर निगेटिव्ह मागे राहिल्या. २००९ मध्ये ती वारली तेव्हाही फिल्मचे असंख्य रोल धुतलेले नव्हते. कोणाला दाखवायची घाई असती, तर निदान धुतले तरी असते! तिला जे हवं होतं ते बटण दाबण्याआधीच मिळत असावं, एवढाच अंदाज मी करू शकतो.

परवाना मिळाला की माणूस त्याला हक्क समजू लागतो, ही या छंदाची वाईट बाजू. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. चिखलात चोच खुपसून चरणारा थवा पाहून समाधान होत नाही. पंखांचा तो गुलाबी रंग उडतानाच खुलतो. मग नावाड्याला जादा पैसे देऊन होडी जवळ घेतली जाते, थवा उठतो, शटरचा कडकडाट होतो. त्या फोटोसाठी पक्ष्याचं चरणं मोडतं आणि ताकद फुकट जाते. दिवे घाटात वारीच्या दिवशी हेच माणसांच्या बाबतीत होतं. म्हातारीच्या सुरकुत्या हव्यात म्हणून तिच्या तोंडाशी लेन्स नेतात. ती दमली आहे का, तिला पाणी हवंय का, हे विचारायचं राहून जातं.

यंदा दिवाळीच्या बोनसमधून कॅमेरा घ्यायचा बेत असेल तर जरूर घ्या. जुनी बॉडी आणि पन्नास एमएमची एक लेन्स सुरुवातीला पुष्कळ झाली. माणसाचा फोटो काढायचा असेल तर आधी दोन शब्द बोला. आणि भिगवणला गेलात तर होडीत बसण्याआधीच नावाड्याला सांगून ठेवा: थवा उडवायचा नाही.