कोकणात व्हॅन, छपरावर डिश : रत्नागिरीत सॅटेलाइट इंटरनेट खरंच कामाला येईल का?

नाताळची सुट्टी लागली की एक रील हमखास फिरायला लागतं. समुद्राकडे पाठ करून उभी केलेली कॅम्परव्हॅन, मागचा दरवाजा उघडा, आत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेलं कुणीतरी आणि छपरावर पांढरी चौकोनी पाटी. ती पाटी म्हणजे स्टारलिंकची डिश. टॉवर नाही, केबल नाही, तरी मीटिंग चालू. रील अमेरिकेतलं किंवा ऑस्ट्रेलियातलं असतं, पण आपल्याकडे प्रश्न लगेच पडतो : हेच गणपतीपुळ्याच्या वाटेवर, आरे-वारेच्या वळणावर गाडी लावून करता येईल का?

डिसेंबर २०२५ मधलं उत्तर सरळ आहे. नाही. उद्या सेवा सुरू झाली तरी रत्नागिरीत हे गणित रीलइतकं सोपं नसेल, आणि त्याची कारणं जास्त मजेशीर आहेत.

आधी कायद्याचं बघू. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला, जुलैमध्ये इन-स्पेस या अंतराळ नियामक संस्थेनं मंजुरी दिली. भारती समूहाचा सहभाग असलेली वनवेब आणि जिओची सॅटेलाइट कंपनी त्याआधीपासून परवाने घेऊन बसल्यात. पण परवाना म्हणजे सेवा नव्हे. उपग्रह आणि डिश ज्या लहरींवर बोलणार, त्या स्पेक्ट्रमचा दर सरकारनं अजून पक्का केलेला नाही, त्यामुळे सामान्य ग्राहकाला कनेक्शन मिळत नाही. डिसेंबरमध्ये कंपनीच्या भारतीय वेबसाइटवर महिन्याला ८,६०० रुपये आणि उपकरणाचे ३४,००० रुपये असे आकडे झळकले आणि ते घराघरांतल्या व्हॉट्सअॅपवर पोहोचले. कंपनीनं लगेच सांगितलं की तो तांत्रिक घोळ होता, हे भारतातले दर नाहीत. शिवाय ते आकडे घरगुती प्लॅनचे होते, म्हणजे एका पत्त्यावर बसवायच्या डिशचे. फिरत्या गाडीसाठी परदेशात ‘रोम’ नावाचा वेगळा प्लॅन असतो. २०२२ मध्ये तो ‘स्टारलिंक फॉर आरव्हीज’ या नावानं सुरू झाला होता. भारतात त्याचा दर जाहीर झालेला नाही.

मग परदेशातल्या भावाला डिश आणायला सांगितली तर? हा उद्योग करू नका. आपल्याकडे उपग्रहाशी बोलणारं कुठलंही उपकरण विनापरवाना बाळगणं गुन्हा ठरू शकतो, आणि हे फक्त कागदावर नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर एका कॅनेडियन महिलेला अडवलं गेलं, कारण तिच्या सामानात गार्मिनचं इनरीच हे छोटं यंत्र होतं. ट्रेकर मंडळी अडचणीत मदत मागायला ते वापरतात. तिच्यावर गुन्हा दाखल झाला.

एवढी कडक भूमिका का, हे कोकणातल्या जुन्या माणसांना समजवावं लागत नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतलं आरडीएक्स शेजारच्या रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धनजवळच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. २००८ मध्ये समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांकडे सॅटेलाइट फोन होता. किनारा आणि उपग्रह हे दोन शब्द एकत्र आले की यंत्रणेचे कान टवकारतात ते यामुळे.

डिशला आकाश लागतं

समजा, सगळे परवाने झाले. डिश कायदेशीर विकत मिळाली. आता ती चालते कशी ते बघू.

जुनं सॅटेलाइट इंटरनेट सुमारे ३५,७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहावरून यायचं. तेवढं अंतर वर-खाली करायला सिग्नलला अर्धा सेकंद आणि वर लागायचा, त्यामुळे व्हिडिओ कॉलवर दोघं एकाच वेळी बोलायला लागायचे. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, म्हणून वेळ लागत नाही. पण इतक्या खालून जाणारा उपग्रह एका जागी थांबत नाही. काही मिनिटांत तो डोक्यावरून निघून जातो आणि डिशला दुसरा पकडावा लागतो. त्यासाठी तिला आकाशाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, ढोबळमानानं शंभर अंशांहून रुंद. डिशटीव्हीसारखं एका दिशेला फट असली की भागलं, असं इथं चालत नाही. मध्ये एक फांदी आली तरी दर काही मिनिटांनी कॉल तुटणार.

इथं रत्नागिरीचा भूगोल आडवा येतो. या जिल्ह्यात वर सडा आणि खाली वाडी अशी रचना जागोजागी दिसते. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. तिथं झाड कमी, वारा भरपूर, आकाश चारी बाजूंनी मोकळं. वाडी असते खाली, पाणी असेल तिथं. नारळ-पोफळी, आंबा, फणस, काजू यांच्या सावलीत. पर्यटकाला गाडी लावायची असते ती वाडीत, माडांच्या बनात, होमस्टेच्या अंगणात. फोटो तिथलेच चांगले येतात.

मोबाइलचा सिग्नल कुठं मिळतो? सड्यावर. कोविडच्या लॉकडाऊनमध्ये कोकणातली मुलं ऑनलाइन तासासाठी डोंगरावर जाऊन बसायची, त्या बातम्या आठवत असतील. घर खोलगट जागेत, टॉवर लांब आणि मध्ये डोंगर, म्हणून चढून जावं लागायचं.

आता हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवा. रत्नागिरीत जिथं आकाश मोकळं आहे, तिथं बऱ्याचदा फोर-जी आधीच येतं. जिथं फोर-जी येत नाही, तिथं बऱ्याचदा माडांनी आकाश झाकलेलं असतं. व्हॅनच्या छपरावरची महागडी डिश नेमकी हव्या त्या ठिकाणी निम्मी आंधळी होणार. घरमालकाला तरी मार्ग आहे, उंच खांब रोवून त्यावर डिश चढवता येते. एका रात्रीच्या पाहुण्याला कोण खांब रोवू देईल? (नारळाच्या झाडाखाली काही हजारांची डिश ठेवण्यातला दुसरा धोका सांगायची गरज नाही.)

अपवाद अर्थातच आहेत. रुंद पुळण असलेले किनारे, खाडीकाठच्या मोकळ्या जागा, दोन्ही बाजूंनी डोंगर असले तरी वर उघडी असलेली खिंड. आणि पाऊस. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. या सेवेच्या लहरी मुसळधार सरीत क्षीण होतात, त्यामुळे जुलैत घाटावरून ढग उतरले की थोडा वेळ इंटरनेट जाणं हे गृहीतच धरायचं.

विजेचा प्रश्न त्या मानानं हलका. मोठी डिश साधारण ७५ ते १०० वॉट खाते, छोटी ‘मिनी’ २५ ते ४०. व्हॅनमध्ये बहुतेकदा असते तशी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १,२०० वॉट-अवर देते. मोठी डिश दहा तास चालली तर बॅटरी जवळपास झोपते. मिनीवर पंखा आणि दिवे सांभाळून दिवस निघतो.

तुम्ही कुठं आहात, ते कळणारच

‘सगळ्यांपासून लांब’ जाण्यासाठी जे लोक हे घेणार आहेत, त्यांनी एक गोष्ट नीट वाचावी. मे २०२५ मध्ये दूरसंचार खात्यानं सॅटेलाइट कंपन्यांसाठी सुरक्षेच्या नव्या अटी काढल्या. प्रत्येक टर्मिनल नोंदणीकृत हवं, परदेशात घेतलेलं किंवा नोंदणी नसलेलं उपकरण भारतात जोडायचं नाही आणि टर्मिनल स्थिर असो वा फिरतं, यंत्रणांनी मागितलं तर त्याचं त्या क्षणाचं ठिकाण द्यायचं. जमिनीच्या सीमेलगत ५० किलोमीटरचा पट्टा आणि किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं क्षेत्र हे विशेष देखरेखीचे भाग ठरवलेत. म्हणजे मिरकरवाड्याहून निघालेल्या बोटीवर डिश असेल, तर ती कायम या देखरेखीत असेल.

दरांच्या बाबतीतही एक गंमत आहे. ट्रायनं मे २०२५ मध्ये शिफारस केली की कंपन्यांनी उत्पन्नाच्या ४ टक्के शुल्क भरावं आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा द्यावेत, ग्रामीण ग्राहकामागे नाही. मग पुण्याच्या पत्त्यावर घेतलेली आणि वर्षातले चार महिने गुहागर-वेळणेश्वरला उभी असलेली व्हॅन शहरी की ग्रामीण? घराला पत्ता असतो. चाकांचा विचार या चौकटीत मुळातच झालेला दिसत नाही. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण ते पर्यटन खात्याचं. दूरसंचाराची फाइल दुसऱ्या टेबलावर.

त्यामुळे या सुट्टीत जाणार असाल तर साधं करा. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, नकाशे आधीच डाउनलोड करा, कामाच्या वेळेला गाडी सड्यावर घ्या आणि संध्याकाळी वाडीत उतरा.

मग हे हवंय कुणाला?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. खांब पडले, वीज गेली, पाठोपाठ टॉवर बंद पडले. मुंबईत बसलेल्या चाकरमान्यांना गावचं घर उभं आहे की नाही, हे कळायला कित्येक दिवस लागले. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला, चिपळूण वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेलं आणि पुन्हा तेच झालं : वीज नाही, फोन नाही, छपरावर अडकलेली माणसं.

अशा वेळी बॅटरीवर चालणारी एक डिश ग्रामपंचायतीच्या स्लॅबवर असती तर? तिला गावातला टॉवर लागत नाही, तुटलेली फायबर लागत नाही. जमिनीवरचं ग्राउंड स्टेशन शेकडो किलोमीटर लांब असलं तरी चालतं. वादळात चार तास ती बंद राहील, पण वादळ सरल्यावर पहिला फोन तिच्यावरून लागेल.

महाराष्ट्र सरकारनं ५ नोव्हेंबर २०२५ ला स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्यात दुर्गम म्हणून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांची नावं घेतली गेली. किनारपट्टी विकास आणि आपत्तीत टिकणारं नेटवर्क हेही उद्देशांत आहे, पण रत्नागिरीचं नाव त्या चार जिल्ह्यांत नाही.

आणि समुद्र. माड नाही, डोंगर नाही, पूर्ण आकाश मोकळं, आणि किनारा मागे पडला की मोबाइल मुका. वरची नकाशांची अडचण जिथं मुळीच लागू होत नाही, अशी रत्नागिरीतली सगळ्यात मोठी जागा हीच आहे. तिथं आज पोहोचतंय ते इस्रोच्या तंत्रज्ञानाचं ट्रान्सपॉन्डर. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरमध्ये त्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली आणि १ लाख बोटींवर ते बसवायचं लक्ष्य आहे. त्यावर इंटरनेट नसतं. छोटे संदेश जातात-येतात, हवामानाचा इशारा मिळतो, संकटात मदत मागता येते. खलाशाला त्यावरून घरच्यांशी व्हिडिओ कॉल करता येत नाही, पण वादळाचा इशारा आला की बोट कुठल्या बंदराकडे वळवायची ते ठरवता येतं.