समुद्रावरची रांगोळी

जळगाव-धुळ्याकडे हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा निवडणुकीत. मैदानावर फक्कीने गोल आखतात, मध्ये एच काढतात आणि गावातली पोरे धूळ खायला कुंपणाशी जमतात. उतरणारा चार हात चुकला तरी बिघडत नाही. मैदान ऐसपैस असते. पण "आमचा मुलगा तेलाच्या कामावर आहे, चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी," असे सांगणाऱ्या आईला तो उतरतो कशावर, हे ठाऊक असतेच असे नाही.

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'मुंबई हाय' आहे. १९७४ साली 'सागर सम्राट'ने तेथे तेल शोधले. १९७६ पासून ते निघू लागले. माणसे जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. उतरायची जागा म्हणाल, तर वाड्याच्या अंगणाएवढी. एका अंगाला क्रेन नि मनोरे, बाकी पाणीच पाणी.

तेथली रांगोळी हौसेची नव्हे. हिरव्या तक्त्यावर पांढरी किनार, मध्ये पांढरा एच, भोवती मीटरभर रुंद पिवळे वर्तुळ. आपल्याला वाटते, वैमानिक एचवर नेम धरत असेल. छे! त्याने आपली खुर्ची आणायची ती पिवळ्या पट्ट्यावर. खुर्ची यंत्राच्या मध्यापासून बरीच पुढे असते. ती एचवर आणली, तर सबंध यंत्र मागे राहील आणि न दिसणारी शेपटी क्रेनकडे जाईल. म्हणून वर्तुळाचा आतला व्यास यंत्राच्या, पात्यांसकट, लांबीच्या निम्मा ठेवतात. किती मोठे नि किती टनांचे यंत्र चालेल, तेही तेथेच रंगवतात. शिवाय फलाटाचे नाव ठळक अक्षरांत. कारण सगळे फलाट वरून सारखेच, आणि भलत्याच फलाटावर उतरल्याचे प्रकार जगात घडले आहेत. जागा बंद असली, की लाल चौकोनावर पिवळी फुली.

अर्थात रंगाने सगळे साधत नाही. २८ जून २०२२ रोजी 'सागर किरण'जवळ एक हेलिकॉप्टर फलाट गाठण्याआधीच समुद्रात पडले. नवांपैकी चौघे गेले.

खारे वारे, तेलाचे डाग नि पक्ष्यांची घाण यांनी या खुणा पुसट होतात. मग कोणीतरी बादली-ब्रश घेऊन भर उन्हात ते पिवळे वर्तुळ पुन्हा रंगवीत बसतो.