हजारातला एक रुपया

मुंबई महानगरपालिकेने 2025-26 सालासाठी मांडलेले अंदाजपत्रक 74,427 कोटी रुपयांचे होते. देशातील काही लहान राज्यांना हेवा वाटावा असाच हा आकडा आहे. रस्ते, पूल, मलनिःसारण आणि किनारी मार्ग ह्यांवर ह्या पैशाचा मोठा हिस्सा खर्च होतो, आणि तो व्हावयासही हवा. खड्ड्यात पडलेल्या नागरिकाला पोवाडा ऐकवून त्याचे समाधान होणार नाही. तथापि शहर चालविणे म्हणजे केवळ पाणी आणणे आणि कचरा नेणे नव्हे, हे आमचे म्हणणे नसून घटनेचे म्हणणे आहे. 1992 सालच्या 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची म्हणून अठरा कामे नोंदलेली आहेत. त्यांत स्मशाने आहेत, कत्तलखाने आहेत, आणि तेराव्या क्रमांकावर सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक अंगांचे संवर्धन हेही आहे. पहिल्या बारा कामांकडे आणि पुढच्या पाच कामांकडे कमीअधिक लक्ष पुरविणाऱ्या पालिकेने ह्या तेराव्याचा विचार कधी स्वतंत्रपणे केला आहे काय?

पालिकेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर, मुलुंडचे कालिदास, बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे ही तिची नाट्यगृहे उपनगरांतील रंगभूमीचा आधार आहेत. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाचा जीर्णोद्धार 2008 साली पुरा झाला, तो पाहून कोणाही मुंबईकराला अभिमान वाटेल. पण हा सारा आश्रय विटेचा आणि दगडाचा आहे. नाट्यगृह बांधले की त्यात उभे राहावयास नट आपोआप येईल, ही समजूत विहीर खणली की पाऊस पडेल ह्या समजुतीइतकीच भाबडी आहे. शिवाय ह्या मोठ्या रंगमंचांवर ज्यांचा पाय सहसा पडत नाही, अशी मंडळे ह्या शहरात शेकड्यांनी आहेत.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून पोटासाठी आलेल्या माणसांनी नमन, जाखडी आणि दशावतार आपल्याबरोबर आणले. धोबीतलाव आणि गिरगावच्या कुडांतून राहिलेल्या गोवेकरांनी 17 एप्रिल 1892 रोजी कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग केला तो गोव्यात नव्हे, मुंबईत. उडपी-मंगळूरहून हॉटेलांत कामाला आलेल्या पोरांनी यक्षगान टिकविले. काळबादेवीच्या भांगवाडीत देशी नाटक समाजाने गुजराती रंगभूमी गाजविली. आंबेडकरी जलशांनी कामगारवस्त्यांत माणुसकीचा हिशेब मागितला, आणि वामनदादा कर्डकांसारखा कवी त्याच वस्त्यांतून घराघरांत पोहोचला. ह्यांपैकी कोणत्या परंपरेला ह्या शहराच्या तिजोरीने आपली म्हटले आहे?

येथे एक आक्षेप ठरलेला आहे. “लाल बावटा कलापथक 1944 साली उभे राहिले ते कोणाच्या अनुदानावर? अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख ह्यांनी कोणत्या कचेरीत अर्ज केला होता?” प्रश्न बिनतोड वाटतो. पण थोडे खोलात गेले की वेगळेच दिसते. त्या शाहिरांना कचेरीने काही दिले नसेल. शहराने मात्र पुष्कळ दिले होते. चाळीचा चौक तालमीसाठी फुकट होता. गिरणीची पाळी सुटली की श्रोता दाराशीच होता. कामगार मैदान होते, व्यायामशाळेची खोली होती, गणेशोत्सवाचा मांडव होता, आणि चार माणसांना राहता येईल असे भाडे होते. हे सगळे अनुदानच होते, फक्त त्याची पावती फाडली जात नव्हती. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि जाखडीचा बुवा विरारला व ढोलकीवाला बदलापूरला राहावयास गेला. 1922 साली उभे राहिलेले परळचे दामोदर नाट्यगृह नमनाच्या आणि कामगारनाटकांच्या मंडळांचे हक्काचे घर होते. तेही 2023 साली पुनर्विकासासाठी बंद झाले. मनोऱ्याच्या वाहनतळात ढोलकी वाजविण्यास सोसायटीचा चिटणीस परवानगी देत नाही! जे शहर पूर्वी जागेच्या रूपाने देत होते ते त्याने काढून घेतले असेल, तर आता ते रोखीने देणे हा उपकार नसून जुन्या देण्याची फेड आहे, असे आम्ही समजतो.

दुसरा आक्षेप आमच्या वाचकांपैकीच पुष्कळांच्या मनात असेल, म्हणून तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. मराठी मुंबईच्या पैशाने तियात्र आणि यक्षगान का पोसावे? मराठीच्या हक्कासाठी 105 हुतात्म्यांचे रक्त सांडले त्या शहरात हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. परंतु मराठी रंगभूमीचा मुंबईतील जन्मकाळच पाहा. 1853 साली विष्णुदास भावे सांगलीहून येथे आले. त्याच वर्षी, ग्रँट रोडच्या त्याच नाट्यगृहात पारशी नाटक मंडळींनी आपले खेळ लावले, आणि भाव्यांनी स्वतः ‘राजा गोपीचंद’ हिंदुस्थानीत केले. भाव्यांच्या मराठीपणाला त्याने उणेपणा आला नाही. आणि खरे सांगावयाचे तर अशा भेदभावाची पहिली झळ मराठीलाच लागते. मालवणी दशावतार, अहिराणी गाणे, जलसा, भारूड ही मराठी नव्हेत काय? शाळेच्या स्नेहसंमेलनात राजाची भूमिका नेहमी ‘शुद्ध’ उच्चाराच्या मुलाकडे आणि भालदाराची गावाकडच्या मुलाकडे जाते, हे शिक्षकी पेशात वावरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दोन अंकी नाटकालाच कला मानणारी समिती नेमकी हीच वाटणी अनुदानात करील.

ह्या बाबतीत परदेशांतील दोन शहरांचा अनुभव ध्यानात घेण्याजोगा आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराने 1961 साली हॉटेलांवरील करातून कलांसाठी निधी काढला. त्यातील मोठे घास ऑपेरा, वाद्यवृंद आणि बॅले ह्यांच्याच वाट्याला जात आहेत, अशी चिनी, कृष्णवर्णीय, लॅटिन वस्त्यांतील कलावंतांची तक्रार वाढली, तेव्हा 1993 साली वंचित समाजांच्या कलांसाठी निराळा निधी स्थापावा लागला. पुढे ह्या कराच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा कलांसाठी बांधून द्यावा हा ठराव 2016 साली दोन तृतीयांश मतांअभावी पडला आणि 2018 साली नागरिकांनी भरघोस मतांनी मंजूर केला. लंडनची हकिकत उलट आहे. तेथे 1976 साली नसीम खान ह्यांच्या अहवालाने स्थलांतरितांच्या कलांची उपेक्षा चव्हाट्यावर मांडली; ग्रेटर लंडन कौन्सिलने पुढील दशकात ह्या कलांना सढळ हाताने मदत केली; पण 1986 साली ते कौन्सिलच बरखास्त झाले आणि त्याच्या मदतीवर उभ्या असलेल्या संस्थांना दुसरी दारे शोधावी लागली. सत्ताधाऱ्याच्या मर्जीतून आलेले अनुदान मर्जीबरोबरच जाते. मुंबईला हे निराळे सांगण्याची गरज नसावी. 2022 च्या मार्चमध्ये पालिकेची मुदत संपल्यानंतर वर्षामागून वर्ष अंदाजपत्रके प्रशासकांनीच मांडली आणि त्यांनीच मंजूर केली, हे आपण पाहिले आहे.

म्हणून आमची मागणी रकमेपेक्षा नियमांची अधिक आहे. पालिकेने अंदाजपत्रकातील हजारातला एक रुपया स्वतंत्र कलानिधीसाठी राखावा. 2025-26 च्या आकड्यावर तो चौऱ्याहत्तर कोटी होतो. हजार मंडळांना प्रत्येकी तीन लाख दिले तरी तीस कोटींच्या वर जात नाही; बाकीच्यात पालिकेच्या शाळांची सभागृहे सायंकाळी तालमींसाठी नाममात्र भाड्याने देता येतील. छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात 1974 पासून जी प्रायोगिक चळवळ वाढली तिला संगमरवरी पायऱ्यांची जरूर पडली नव्हती. अर्ज एका पानाचा असावा, आणि तो मराठीत लिहिता यावा. सनदी लेखापालाच्या शिक्क्याशिवाय ज्याला हात लागत नाही असा अर्ज जाखडीचा बुवा भरणार नाही, दलाल भरील. निवड करणाऱ्या समितीत नगरसेवक नसावेत. त्या त्या परंपरेतील जाणती माणसे असावीत, आणि ती दोन वर्षांनी बदलावीत. कोणाला किती दिले ह्याची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी. आणि एक अट लेखी असावी: अनुदान घेणाऱ्या शाहिराने पालिकेवर कवन केले म्हणून त्याचा दुसरा हप्ता अडविला जाणार नाही.

खाबूगिरी होईल, काही मंडळे कागदावरचीच निघतील, हे आम्ही जाणतो. डांबराच्या कामांतही कागदावरचे रस्ते निघतात, म्हणून कोणी रस्ते बांधणे थांबविलेले नाही.

पालिकेचे अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडले जाते. खात्यांकडून आकडे मागविण्याचे काम त्याआधी कित्येक महिने सुरू होते. ह्या निधीचे लेखाशीर्ष त्या मागणीपत्रकातच आले पाहिजे, आणि नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी त्यापूर्वी नागरिकांपुढे ठेवला गेला पाहिजे.