एका सामन्याचा हंगाम नसतो

परवा सदरमध्ये आमच्या शाळेची टीम कबड्डीत हरली. चौथीतला एक गडी रडवेला होऊन म्हणाला, "बाई, मी नाही खेळत आता!"

मी त्याला पुणेरी पलटणची गोष्ट सांगितली. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा आठ संघांत पलटण शेवटची! २०२२ मध्ये ती अंतिम सामन्यात पोचली, पण जयपूरने ३३-२९ असं हरवलं. मग पलटण खचली का? छे! पुढच्या हंगामात साखळीतले २२ सामने झाले. १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, २ हरले. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाशी अंतिम लढत झाली. पंकज मोहितेने एकाच चढाईत ४ गुण आणले आणि अस्लम इनामदारची पलटण २८-२५ ने विजेती ठरली.

म्हणजे बघा, विजेतेसुद्धा दोनदा हरलेच होते! एका पावसाने शेताचा हंगाम ठरत नाही, तसंच खेळाचंही.

दुसऱ्या दिवशी आमचा गडी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. म्हणाला, "बाई, आपला तर एकच झाला न अजून?"