सर्पगंधा आमची, औषध बासेलचे

‘आयुर्वेदात सगळे होतेच’, असे ठासून सांगणाऱ्या आमच्या वक्त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो : सर्पगंधेच्या मुळीत नेमके काय आहे, हे प्रथम कोणी शोधले? शोधणारे भारतीयच होते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

१९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसैन सिद्दिकी यांनी या मुळ्यांतून अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्यावरून ‘अजमलीन’ हे नाव मिळाले. मुळी वाळवून दळायची, मद्यार्कात तिचा अर्क काढायचा, आम्ल आणि अल्क यांच्या आलटून-पालटून वापराने नको ते वगळायचे, उरलेल्याचे स्फटिक करून द्रवणांक पाहायचा. सांगायला चार ओळी, करायला महिने. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो, हे नोंदविले. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. आणि जगभर गाजलेले रेसर्पिन? ते १९५२ साली हाती लागले बासेलच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत. औषधाचे नाव ‘सर्पासिल’. सर्प आमचा, नफा त्यांचा!

स्विस कंपनीला शिव्या देऊन काय साधणार? पारतंत्र्याची सबब १९४७ पर्यंतच चालते. पुढे आपण केले काय, हा प्रश्न आहे, आणि तो थेट आपल्या भंडारा जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचतो.

झाडीपट्टीच्या रानांत मुळ्या-पाले ओळखणारे वनवासी जाणकार अजून आहेत. त्यांच्यामागे शिकणारे मात्र थोडे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक गावाला समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही दिली. हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत घातली, तेव्हा वह्या भरण्याची एकच धांदल उडाली. वाचकहो, आपल्या गावची वही एकदा उघडून पाहा. वनस्पतीचे नाव सापडेल. पण ती कोणी दाखविली, कोणत्या ऋतूत, कोणता भाग खणावा, हे लिहिले आहे काय? त्यात २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला लाभ-वाटणीतून सूट दिली. ज्ञान ग्रंथात आहे, म्हणून ते जपणाऱ्या गावाला वाटा नाही! आयुर्वेदाच्या अभिमान्यांनी यावर मौन धरावे, याचे नवल वाटते.

आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठरावीक क्षारांच्या परीक्षेबरोबरच रानातील मुळ्यांचे पृथक्करण का देऊ नये? शोधनिबंधावर जाणकाराचेही नाव घालावे. मात्र मूळ खणले की बहुधा झाडच जाते. तेव्हा प्रयोगाला लागणारी सर्पगंधा महाविद्यालयाच्या आवारात लावावी, आणि ती यंदाच्या पावसाळ्यातच.