एकाच खोलीतले दोघे

‘पोरगा गुणी होता हो, पण वागणुकीनं वाया गेला.’ खेळाडूंबद्दल हे वाक्य आपण किती सहज बोलून मोकळे होतो! अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये तर अशा वाया गेलेल्यांच्या याद्याच निघतात आणि त्यांत गिल्बर्ट अरीनस हे नाव हमखास असतं. मला त्या याद्या पटत नाहीत. वाया कोण गेला, हे त्या नीट सांगतच नाहीत.

अरीनसला २००१ साली पहिल्या फेरीत कुणी निवडलंच नाही. तो ३१ वा. याला शून्य मिनिटं खेळायला मिळतील असं लोक म्हणाले, म्हणून पठ्ठ्यानं पाठीवर शून्य आकडा घेतला. डिसेंबर २००६ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळताना त्यानं लेकर्सविरुद्ध एका सामन्यात ६० गुण काढले. तेव्हा त्याच्या लहरी, त्याच्या खोड्या, त्याची अखंड बडबड या सगळ्याचं केवढं कौतुक होतं! २००७ मध्ये गुडघा गेला. पुढच्या मोसमात तो जेमतेम १३ सामने खेळला, तरी २००८ साली क्लबनं त्याच्याशी सहा वर्षांचा, ११ कोटी १० लाख डॉलरचा करार केला.

मग आले पत्ते. डिसेंबर २००९ मध्ये फिनिक्सहून परतताना विमानात डाव रंगला आणि पैशांवरून तंटा झाला. अरीनसचं भांडण लागलं जाव्हारिस क्रिटेंटन या सहकाऱ्याशी. (चवथीच्या जागरणात पत्त्यांवरून एकमेकांची तोंडं न बघणारे भाऊ आपल्याला माहीत आहेत, पण ते आरतीपर्यंत निवळतात.) २१ डिसेंबरला अरीनसनं लॉकर रूममध्ये चार बंदुका आणून क्रिटेंटनच्या खुर्चीवर मांडल्या. यातली एक निवड, अशी चिठ्ठीही ठेवली. त्याच्या मते ही थट्टा होती. क्रिटेंटनकडे स्वतःची बंदूक होती. आणि गंमत अशी, की या क्लबचं जुनं नाव ‘बुलेट्स’. शहरातल्या गोळीबारांना कंटाळून मालक एब पॉलिन यांनी १९९७ मध्ये ते बदलून घेतलं होतं. महिन्याभरापूर्वीच ते वारले होते.

पोलीस चौकशी सुरू झाली तरी अरीनस खेळतच होता. ५ जानेवारी २०१० ला फिलाडेल्फियात सामन्याआधी त्यानं सहकाऱ्यांच्या घोळक्यात बोटांच्या पिस्तुलांनी गोळ्या झाडल्याचा अभिनय केला. फोटो सगळीकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी त्याला बेमुदत निलंबित केलं. खऱ्या बंदुकांपेक्षा बोटांची बंदूक जास्त झोंबली, असं मी म्हटलं तर फार चुकेन असं वाटत नाही. २०२३ मध्ये मेम्फिसच्या जा मोरँटचंही तेच. मोबाइलवरच्या चित्रणात हाती बंदूक दिसली म्हणून आधी ८ सामने, पुन्हा दिसली म्हणून २५. शिक्षा योग्यच होत्या. पण लीग जागी होते ती चित्र दिसल्यावर.

पुढे दोघांनाही उरलेल्या मोसमाची सारखीच बंदी झाली. कागदावर न्याय झाला. पण त्यानंतरचं पाहा. अरीनसचा करार रद्द झाला नाही. डिसेंबर २०१० मध्ये त्याला ऑर्लँडोनं घेतलं आणि वर्षभरानं सोडलं तेव्हाही सहा कोटींहून अधिक डॉलर त्याला देणं होतं, ते हप्त्याहप्त्यानं मिळत राहिलं. त्याची कारकीर्द बंदुकांच्या आधीच गुडघ्यानं संपवत आणली होती, हेही लोक विसरतात. २०२५ साली बेकायदा जुगाराच्या अड्ड्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला, त्यानं तो नाकारला. पुन्हा पत्तेच!

क्रिटेंटन २००७ मध्ये पहिल्या फेरीत, १९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला. म्हणजे अरीनसपेक्षा वरचा. त्या मोसमात तो दुखापतीमुळे एकही सामना खेळला नव्हता, त्यामुळे कुणाला त्याची गरजही नव्हती. एनबीएत तो पुन्हा कधीच खेळला नाही. बावीस वर्षांचा, भांडणात बंदूक काढण्यापर्यंत गेलेला मुलगा. बंदी घालून झाल्यावर लीगनं, क्लबनं, खेळाडूंच्या संघटनेनं त्याच्यामागे कुणी माणूस खंबीरपणे उभा केला असता तर? सक्ती करता आली नसती, मान्य. पण ज्याच्यात कोट्यवधी गुंतलेले असतात त्याच्यामागे माणसं आपोआप उभी राहतात, हे आपण पाहिलंच.

ऑगस्ट २०११ मध्ये अटलांटाच्या रस्त्यावर क्रिटेंटननं गाडीतून गोळ्या झाडल्या. आपले दागिने लुटल्याचा संशय होता त्या माणसावर नेम होता. गोळी लागली ती भलत्याच एका तरुण आईला. ती मेली. २०१५ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला, २३ वर्षांची कैद झाली आणि शिक्षा कमी होऊन २०२३ मध्ये तो सुटला. त्या बाईच्या मुलांना यातलं काहीच परत मिळालं नाही. आणि वाया गेलेल्यांच्या यादीत नाव कुणाचं? अरीनसचं.