ताल कोणाचा, मोल कोणाचे?

पक्षाच्या साप्ताहिकाने जमैकातील एका ध्वनिमुद्रिकेवर अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. उसाचा दर, पाण्याचे वाटप, शाळांतील रिकाम्या जागा असे विषय दाराशी उभे असताना सातासमुद्रापलीकडच्या संगीताची चर्चा कशासाठी, असे कार्यकर्ते विचारतील. आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की, ती तबकडी ऐकताना प्रस्तुत लेखकाला गारगोटीच्या बाजारपेठेतून जाणारी विसर्जनाची मिरवणूक आठवली, आणि त्या मिरवणुकीच्या कडेला हलगी गळ्यात अडकवून मुकाट उभे असलेले वादक आठवले. श्रमाचे मोल अखेर कोणाच्या पदरात पडते, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न संगीतालाही चुकलेला नाही.

ध्वनिमुद्रिकेचे नाव 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन'. ती १९७६ साली निघाली. तिचा निर्माता ऑगस्टस पाब्लो हा मेलोडिका वाजवीत असे. हे वाद्य म्हणजे तोंडाने फुंकायची एक छोटी पेटीच. पाश्चात्त्य देशांत ते शाळकरी मुलांच्या हाती देतात. ध्वनिमिश्रण केले ऑसबोर्न रडॉक याने, ज्याला सारे किंग्स्टन शहर किंग टबी म्हणून ओळखत होते. रेगे गाण्यातील गायकाचा आवाज काढून घ्यायचा, ढोल आणि खर्जातली गिटार पुढे आणायची आणि उरलेल्या सुरांना प्रतिध्वनीच्या पोकळीत सोडून द्यायचे, या प्रकाराला 'डब' म्हणतात. या तबकडीत जेकब मिलर या गायकाचा एखादा शब्द अंधारातून वर येतो आणि ओळ पुरी होण्याआधीच विरून जातो. झांजेचा एकच ठोका दूर दूर जात राहतो. मग सारी वाद्ये थांबतात, आणि खर्जातला ताल तेवढा छातीत घुमत राहतो. शब्द नाहीत, घोषणा नाहीत. तरीही वस्तीतल्या माणसाचे काही तरी दुःख आपल्यापर्यंत पोहोचते.

हे करणारा टबी संगीतशाळेत शिकलेला नव्हता. तो विजेची उपकरणे आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करणारा कारागीर होता. किंग्स्टनच्या वॉटरहाउस या गरीब वस्तीतील राहत्या घरात त्याने आपले मुद्रणगृह थाटले. एका मोठ्या स्टुडिओकडून घेतलेले चार पट्ट्यांचे जुने मिश्रणयंत्र, हेच त्याचे मुख्य भांडवल. त्या यंत्राच्या कळा तो वादकाने तारा छेडाव्यात तशा हाताळीत असे. ज्या गारगोटीत जे. पी. नाईक यांनी १९५२ साली मौनी विद्यापीठाची उभारणी केली, हाताचे काम आणि बुद्धीचे काम यांची फारकत मोडण्याचा प्रयत्न केला, तेथील माणसाला टबीचे मोठेपण समजावून सांगावे लागू नये. आमच्याच गावात ध्वनिक्षेपक दुरुस्त करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने ही तबकडी लेखकाला ऐकवली, यातही म्हणूनच एक औचित्य आहे.

आता या कलेमागचे अर्थशास्त्र पाहू. तबकडीला दोन बाजू असतात. पहिल्या बाजूवर गाणे; दुसऱ्या बाजूसाठी नवे गाणे मुद्रित करायचे तर स्टुडिओचे भाडे आणि वादकांची मजुरी पुन्हा द्यावी लागणार. त्याऐवजी त्याच गाण्यातून गायकाचा आवाज वगळला की दुसरी बाजू जवळजवळ फुकटात भरते. एकदा वाजविलेल्या तालावर मग दुसरा गायक गाई, तिसरा बोलत असे, चौथा डब करी. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओ वन या संस्थेत मुद्रित झालेल्या 'रिअल रॉक' या तालावर पुढे शेकडो गाणी बेतली गेली. टंचाईच्या समाजातील ही काटकसर होती. गोधडी शिवणाऱ्या आपल्या मायबहिणी जुन्या लुगड्याचा एक तुकडाही वाया जाऊ देत नाहीत, तशी. त्या काटकसरीतून एका छोट्या बेटाने जगाला नवे संगीत दिले, हे मान्य करताना कोणाही समाजवाद्याला आनंदच व्हावा.

पण जमाखर्चाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ज्यांनी तो ताल वाजविला, त्या ढोलवादकाला आणि गिटारवादकाला काय मिळाले? सर्वसाधारण प्रघात असा की, एका गाण्याची ठरलेली मजुरी हातावर पडे आणि हिशेब संपे. तोच ताल दहा वेळा विकला गेला तरी दहाव्या विक्रीतला छदामही वादकाकडे येत नसे. कायदाही त्याच्या मदतीला नव्हता. जमैका १९६२ साली स्वतंत्र झाला, तरी तेथे इंग्रजांचा १९११ सालचा प्रताधिकार कायदा थेट १९९३ पर्यंत चालू राहिला. रेगेची सारी बहर त्या जुनाट कायद्याखाली येऊन गेली. यंत्राने एका माणसाच्या श्रमाची उत्पादकता शतपट वाढविली आणि त्या वाढीतला वाटा मात्र श्रमिकाला दिला नाही, हे गिरणीत घडते तसेच स्टुडिओतही घडले.

त्याच वर्षांत जमैकाचे पंतप्रधान मायकेल मॅन्ली वेगळ्या मालाबद्दल हाच प्रश्न विचारीत होते. १९७२ साली ते निवडून आले आणि १९७४ साली त्यांच्या सरकारने बॉक्साइट काढणाऱ्या परदेशी कंपन्यांवर विशेष कर बसविला. माती आमची, मजूर आमचे आणि ॲल्युमिनियमचा नफा मात्र परक्यांचा, हा व्यवहार त्यांना मान्य नव्हता. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पठारांवरही बॉक्साइट आहे. त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मॅन्लींचा लोकशाही समाजवाद पुढे परकीय चलनाच्या टंचाईत सापडला. १९७७ साली त्यांना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात जावे लागले आणि १९८० साली ते पराभूत झाले. त्यांच्याही चुका झाल्या. परंतु कच्चा माल देणाऱ्याला पक्क्या मालाच्या किमतीत वाटा हवा, हा त्यांचा मुद्दा पराभवाने खोटा ठरलेला नाही. ढोलाचा ठोका हाही एक कच्चा मालच आहे.

आपल्याकडे काय घडले? आपण १९५७ साली स्वतःचा प्रताधिकार कायदा केला, ही गोष्ट भूषणावह. तथापि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चित्रपट संगीताचा वाद गेला, तेव्हा निर्मात्याने मोबदला देऊन करून घेतलेल्या संगीतावर, अन्यथा करार नसेल तर, हक्क निर्मात्याचाच, असा निवाडा झाला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच प्रकरणात वेगळी टिपणी जोडून, गाणाऱ्याला आपल्या कायद्यात स्थानच नाही, ही उणीव संसदेने भरून काढावी, असे सुचविले. कायद्यात कलावंताचा म्हणजे गाणाऱ्या-वाजविणाऱ्याचा हक्क प्रथम १९९४ साली आला आणि व्यापारी वापरातील मानधनाचा वाटा २०१२ सालच्या दुरुस्तीने मान्य झाला. कागदावर हे पुष्कळ झाले. पण कागदावरचा हक्क वसूल करायला संघटना लागते, हे कामगार चळवळीत केस पिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

म्हणून पुन्हा गारगोटीच्या मिरवणुकीकडे यायचे. ध्वनिक्षेपकांच्या प्रचंड भिंतीला आपल्या भागात सरसकट 'डॉल्बी' म्हणतात. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करण्याचे तंत्र शोधून नावारूपाला आलेल्या कंपनीचे नाव आपण गोंगाटाला दिले, हा विनोद बाजूला ठेवू. त्या भिंतीतून अनेकदा हलगीचाच मुद्रित ठेका घुमत असतो आणि हाडामांसाचा हलगीवाला कडेला उभा असतो. त्याची हलगी वाजते. पण ती वाजविण्याचे दाम दुसऱ्याच्या खिशात जातात. किंग्स्टनमधील वादकाची आणि भुदरगड तालुक्यातील वादकाची कहाणी येथे एक होते.

यावर एक सोपा उपाय सुचविला जातो: डॉल्बी बंद करा आणि पारंपरिक वाद्ये परत आणा. आवाजाला मर्यादा हवीच. वृद्ध, आजारी आणि तान्ही मुले यांचे हाल करून कोणताही उत्सव मोठा होत नाही. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम काटेकोरपणे पाळले गेलेच पाहिजेत. परंतु 'परंपरा' हा शब्द उच्चारताना जरा थांबावे. गावगाड्यात हलगी वाजविणे हे दलित समाजावर लादलेले काम होते. त्याबद्दल बलुते मिळे, हक्क मिळत नसे. मान तर नाहीच. त्या समाजातील मुलाने हलगी खाली ठेवून पुस्तक उचलले असेल, तर त्याबद्दल हळहळण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. परंपरेच्या नावाने त्याला पुन्हा जुन्याच मजुरीवर उभे करणे हा न्याय नव्हे. जो स्वखुशीने वाजवितो, त्याला कलावंताचा मान आणि कलावंताचा दाम मिळावा, एवढेच आपले म्हणणे असले पाहिजे.

दुधाचा आणि उसाचा सहकार या जिल्ह्याने उभा केला. मग वादकांची सहकारी संस्था का उभी राहू नये? तिने मिरवणुकीचा दर लेखी ठरवावा, ध्वनिमुद्रण करू देताना करार करावा, त्या मुद्रणाच्या प्रत्येक व्यापारी वापरात वाटा मागावा, आणि जमल्यास स्वतःचे छोटे मुद्रणगृहही चालवावे. टबीने राहत्या घरात जे केले, ते आपल्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना अशक्य नाही. यंत्राशी आपले भांडण नाही; यंत्राची मालकी कोणाकडे आणि त्याच्या कमाईची वाटणी कशी, एवढाच वाद आहे.

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी येत्या गणेशोत्सवापूर्वी एक लहानसे काम करावे. आपापल्या गावात हलगी, घुमके, ढोल वाजविणारे किती जण उरले आहेत, त्यांना एका दिवसाला काय मिळते, त्यांचे वादन कोणी मुद्रित करून नेले आहे का आणि नेले असल्यास त्याचे पैसे मिळाले का, याची नोंद करून आणावी. ही माहिती हाती असल्याशिवाय संस्थेची घटना लिहिता येणार नाही आणि सरकारदरबारी मागणीही मांडता येणार नाही. ज्यांचा आवाज मिश्रणातून काढून टाकण्यात आला आहे, त्यांना आधी त्यांच्या दारात जाऊन विचारले पाहिजे.